स्वादुपिंडाला सूज आणि सीटी स्कॅन: दिवस मोजण्यापासून रिपोर्ट लिहिण्यापर्यंत

सीटीच्या खोलीत येणाऱ्या चिठ्ठ्यांपैकी एक ठरलेली असते: 'पोटात दुखतंय, लायपेज वाढलंय, सीटी पोट करावा.' दुखणं कधी सुरू झालं ते लिहिलेलं नसतं, क्रिएटिनिनचा (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) आकडा नसतो, कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध) द्यायचा की नाही तेही नसतं. स्कॅन होतो, रिपोर्टमध्ये 'पँक्रियाज किंचित सुजलेला, माइल्ड पँक्रियाटायटिस' असं लिहून जातं आणि वॉर्डात सगळे निर्धास्त होतात. चौथ्या दिवशी रुग्णाला धाप लागते, दुसरा सीटी होतो आणि त्यात स्वादुपिंडाची निम्मी ग्रंथी मेलेली दिसते. मग पहिला रिपोर्ट चुकला म्हणून खापर फुटतं. बहुतेक वेळा रिपोर्ट बरोबर असतो, दिवस चुकलेला असतो.

हा लेख रेसिडेंट, लहान शहरांत आयसीयू सांभाळणारे फिजिशियन आणि सीटी टेक्निशियन यांच्यासाठी आहे. घरचं माणूस ॲडमिट आहे म्हणून कोणी वाचत असेल तर टप्पा 2, 3 आणि 9 पुरेसे आहेत.

टप्पा 1: आधी निदान, मग सीटी

अक्यूट पँक्रियाटायटिस (स्वादुपिंडाला अचानक आलेली सूज) म्हणायला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पोटाच्या वरच्या भागात ठरावीक प्रकारचं, बहुधा पाठीत जाणारं दुखणं, लायपेज किंवा अमायलेज (रक्तात मोजलेली स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं) नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि इमेजिंगमध्ये पँक्रियाटायटिसच्या खुणा. पहिल्या दोन जुळल्या की निदान झालं. ते 'कन्फर्म' करायला सीटीची गरज उरत नाही.

पहिल्या दिवशी हवी ती सोनोग्राफी. पित्ताशयात खडे आहेत का, पित्तनलिका फुगली आहे का, हे ती सांगते. सीटीत कॉलेस्टेरॉलचे खडे पित्ताच्याच रंगाचे दिसू शकतात आणि सुटतात. त्यामुळे 'सीटीत खडे नाहीत' म्हणजे खडे नाहीतच, असं धरू नका.

सावधान: लायपेजच्या आकड्यावरून आजार किती मोठा हे ठरत नाही. लायपेज 3000 असलेला रुग्ण चार दिवसांत घरी जातो, 600 वाला व्हेंटिलेटरवर जातो. आकडा रोज तपासून खाली आला की नातेवाइकांना 'सुधारणा आहे' सांगण्याची सवय सोडा.

टप्पा 2: दिवस मोजा, आणि दुखणं सुरू झाल्यापासून मोजा

लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच. तीव्रता बघण्यासाठीचा सीटी लक्षणं सुरू झाल्यापासून 72 ते 96 तासांनी करावा. त्याआधी नेक्रोसिस (ग्रंथीचा भाग मरणं) पूर्ण उमटलेलं नसतं. सुजलेली ग्रंथी पहिल्या दोन दिवसांत कॉन्ट्रास्ट कमी घेते, ठिपक्याठिपक्यांची दिसते. यातला कुठला भाग मरणार आणि कुठला सावरणार हे तेव्हा कोणालाच सांगता येत नाही.

मोजायचं कुठून? ॲडमिशनची वेळ केसपेपरवर छापलेली असते, त्यामुळे सगळे तिथून मोजतात. आजार मात्र केसपेपरच्या आधी सुरू झालेला असतो. एक उदाहरण घेऊ. शनिवारी रात्री 9 वाजता दुखायला लागलं. रविवारी गावातल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं. सोमवारी सकाळी 10 ला रुग्ण तुमच्याकडे आला. याचे 72 तास मंगळवारी रात्री 9 ला भरतात आणि 96 बुधवारी रात्री. ॲडमिशनपासून मोजलंत तर तुम्ही गुरुवारी सकाळपर्यंत थांबाल. उलटंही होतं: तीन दिवस दुसरीकडे सलाईन लावून रेफर होऊन आलेल्या रुग्णाला 'आज पहिलाच दिवस आहे' म्हणून थांबवलं जातं, खरं तर त्याचा सीटी आजच करायला हवा.

इतिहास घेताना 'कधीपासून दुखतंय?' असं विचारलं की 'दोन-तीन दिवस झाले' हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी 'शेवटचं नीट जेवण कधी झालं?' आणि 'त्या रात्री झोप लागली का?' हे विचारा. वेळ बऱ्यापैकी नेमकी निघते. पार्टीनंतर दुखणं सुरू झालं असेल तर रुग्ण वेळ सांगायला कचरतो. बायकोला बाहेर थांबवून विचारा.

पडताळा: केसपेपरच्या पहिल्या पानावर 'दुखणं सुरू: तारीख, वेळ' अशी ओळ लिहिली का? पुढच्या चार आठवड्यांचा हिशेब याच ओळीवरून होणार आहे.

टप्पा 3: हा सीटी खरंच लागणार आहे का?

बहुसंख्य रुग्णांचा आजार सौम्य असतो. दोन दिवसांत दुखणं कमी होतं, भूक लागते, नाडी उतरते. अशा रुग्णाला सीटी लागत नाही. 'एकदा बघून घेऊ' म्हणून केलेल्या सीटीतून उपचार बदलत नाहीत. बिल वाढतं आणि रेडिएशन मिळतं.

सीटी मागायचा तो अशा वेळी:

- 48 तासांनंतरही नाडी, श्वास किंवा ताप उतरत नाही, सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) 150 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेलंय, युरिया-क्रिएटिनिन चढतंय.
- सुधारत असलेला रुग्ण अचानक बिघडला.
- निदानच पक्कं नाही.

तिसऱ्या कारणासाठी मात्र 72 तास थांबायचं नाही. पोट फळीसारखं कडक आहे, अमायलेज जेमतेम वाढलंय, अल्सर फुटलाय की आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय अशी शंका आहे, तर सीटी लगेच. फक्त चिठ्ठीवर लिहा की हा निदानासाठीचा सीटी आहे. त्यावरून तीव्रतेचे गुण काढून ते आठवडाभर मिरवू नका.

गरोदर बाईला सोनोग्राफी आणि गरज पडल्यास कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय.

टप्पा 4: रुग्णाची आणि चिठ्ठीची तयारी

सीटीच्या टेबलावर जाण्याआधी रुग्ण स्थिर हवा. रक्तदाब 80 असताना रुग्णाला लिफ्टने खाली नेणं धोक्याचं आहेच, शिवाय स्कॅनही फसतो, कारण रक्ताभिसरण मंद असेल तर कॉन्ट्रास्ट ग्रंथीपर्यंत वेळेवर पोचत नाही. आधी सलाईन, ऑक्सिजन आणि दुखण्यावर पुरेसं औषध. कळवळणारा माणूस दहा सेकंदही स्थिर पडत नाही.

क्रिएटिनिन त्याच दिवसाचं पाहिजे. या आजारात 24 तासांत ते 0.9 वरून 2.4 वर जाऊ शकतं, त्यामुळे ॲडमिशनच्या वेळचा कागद दाखवून चालत नाही. वाढलेलं असेल तर एकट्याने निर्णय घेऊ नका, फिजिशियन आणि रेडिओलॉजिस्ट दोघांनी बोलून ठरवा: एक दिवस थांबायचं, एमआरआय करायचा, की धोका पत्करून कॉन्ट्रास्ट द्यायचा. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) सुरू असेल आणि किडनी बिघडलेली असेल तर ते बंद करा. पूर्वी कॉन्ट्रास्टची रिॲक्शन आली होती का, हे रुग्णाला आणि नातेवाइकांना वेगवेगळं विचारा.

शीर हा बारीक वाटणारा, पण रोज अडवणारा मुद्दा. कॉन्ट्रास्ट सेकंदाला साधारण 3 मिली वेगाने जातो. त्यासाठी कोपराच्या घडीत 18 नंबरची हिरवी किंवा निदान 20 नंबरची गुलाबी कॅन्युला हवी. मनगटाच्या मागे दोन दिवसांपूर्वी लावलेली निळी कॅन्युला सलाईनला चालते, इंजेक्टरला नाही. वॉर्डातून निघण्यापूर्वी 10 मिली सलाईन जोरात ढकलून बघा. शिरेभोवती फुगलं तर तिथेच दुसरी लावा, सीटीच्या टेबलावर रुग्ण झोपवून शीर शोधत बसू नका.

तोंडावाटे द्यायचं असेल तर साधं पाणी, तेही उलट्या होत नसतील तरच. पांढरा दिसणारा तोंडी कॉन्ट्रास्ट इथे नको. त्याच्या झगमगाटात पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकलेला खडा आणि ताजा रक्तस्राव दोन्ही लपतात. पोट फुगलं असेल तर आधी नाकातून नळी टाकून जठर रिकामं करा.

आणि चिठ्ठी. तिच्यावर या पाच गोष्टी असल्याशिवाय टेक्निशियनने रुग्ण घेऊ नये, असा नियमच करून टाका: दुखणं सुरू झाल्याची तारीख-वेळ, आजचं क्रिएटिनिन, कुठला अवयव कमी पडतोय का (ऑक्सिजन किती लागतोय, रक्तदाबाचं औषध चालू आहे का), पोटात साचलेलं पाणी काढायला आधी नळी टाकली किंवा ईआरसीपी (दुर्बिणीतून पित्तनलिकेत जाण्याची प्रक्रिया) झाली आहे का, आणि नेमका प्रश्न. 'सीटी पोट' हा प्रश्न होत नाही. 'पाचवा दिवस, ताप उतरत नाही, नेक्रोसिस किती?' हा होतो.

टप्पा 5: स्कॅन

प्लेन सीटीवर नेक्रोसिस कळत नाही. हे वाक्य सीटीच्या खोलीच्या दारावर लावावं असं मला फार वाटतं. मेलेला आणि जिवंत भाग यांतला फरक कॉन्ट्रास्ट घेण्यात आहे. कॉन्ट्रास्टच दिला नाही तर सूज, पाणी, कॅल्शियमचे ठिपके आणि ताजं रक्त एवढंच दिसणार. किडनीमुळे प्लेन करावाच लागला तर रिपोर्टमध्ये 'नेक्रोसिस नाही' लिहायचं नाही, 'नेक्रोसिस तपासता आलं नाही' असं लिहायचं.

1. पोटाचा एक प्लेन राउंड, कमी डोसमध्ये. पहिल्या स्कॅनला उपयोगी पडतो, पुढच्या वेळी बहुधा नको.
2. नॉन-आयोनिक कॉन्ट्रास्ट 100 ते 150 मिली, सेकंदाला 3 मिली किंवा थोडा जास्त वेग.
3. पँक्रियाटिक फेज (फेज म्हणजे कॉन्ट्रास्ट सोडल्यानंतर ठरावीक वेळी घेतलेला राउंड) साधारण 40 ते 45 सेकंदांवर: ग्रंथी सगळ्यात उजळ तेव्हा असते.
4. पोर्टल व्हीनस फेज 65 ते 70 सेकंदांवर: छातीच्या तळापासून जांघेपर्यंत. कलेक्शन (ग्रंथीभोवती साचलेलं पाणी किंवा मेलेले तुकडे) ओटीपोटापर्यंत उतरतात, स्कॅन नाभीपाशी थांबवू नका.
5. स्लाइस 5 मिमीपेक्षा जाड नको. शक्यतो 3 मिमी किंवा पातळ, कोरोनल प्रतिमांसह.

फॉलोअपला फक्त पोर्टल व्हीनस फेज पुरतो. हिमोग्लोबिन घसरलं असेल किंवा नळीतून रक्त येत असेल तर धमनीची फेज जोडा. स्प्लेनिक किंवा गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीला आलेला स्यूडोॲन्युरिझम (धमनीच्या भिंतीला आलेला फुगा) नुसत्या पोर्टल फेजमध्ये निसटू शकतो, आणि त्याच कलेक्शनमध्ये कोणी नळी घातली तर रुग्ण टेबलावरच दगावू शकतो.

पडताळा: रुग्ण टेबलावरून उतरवण्याआधी स्क्रीनवर यकृत, प्लीहा आणि पोर्टल व्हेन (यकृताकडे जाणारी मोठी शीर) बघा. तीनही उजळलेत ना? तेच फिके असतील तर इंजेक्शन फसलंय किंवा रुग्णाचं हृदय मंद चाललंय. अशा स्कॅनवर 'ग्रंथी कॉन्ट्रास्ट घेत नाही' असं म्हणणं म्हणजे दिवा न लावता खोली रिकामी आहे म्हणण्यासारखं.

टप्पा 6: वाचण्याचा क्रम

नजर सगळ्यात मोठ्या कलेक्शनवर जाऊन बसते आणि बाकीचं राहून जातं. म्हणून क्रम ठरवून घ्या आणि तो मोडू नका.

*ग्रंथी.* हेड, नेक, बॉडी, टेल (डोकं, मान, धड, शेपूट) असं एकेक. प्रत्येक भागात छोटा गोल टाकून हाउन्सफिल्ड युनिट (सीटीवरच्या उजळपणाचं माप) मोजा. निरोगी ग्रंथी प्लेनवर साधारण 40 ते 50 असते, कॉन्ट्रास्टनंतर 100 ते 150 पर्यंत चढते. कॉन्ट्रास्टनंतरही 30 च्या खाली राहणारा भाग म्हणजे नेक्रोसिस धरायचं. गोल टाकताना स्प्लेनिक व्हेन आत घेऊ नका. ती ग्रंथीला चिकटून मागून जाते आणि आकडा फुगवते. शेजारचं पाणी आत आलं तर आकडा पडतो.

मधल्या आकड्यांचं काय? 50-60 चा ठिपक्याठिपक्यांचा पट्टा आहे, तिसरा दिवस आहे. इथे ठाम शब्द वापरू नका. 'अनिश्चित, 5 ते 7 दिवसांनी पुन्हा बघावं' असं लिहिण्यात कमीपणा नाही. म्हाताऱ्या माणसाची ग्रंथी बारीक आणि चरबीने भरलेली असते, तिच्या खोबणींत दिसणारा काळा रंग चरबीचा असतो. आकडा उणे आला की तो नेक्रोसिस नव्हे.

टक्के अंदाजानेच काढायचे असतात: 30 च्या खाली, 30 ते 50, 50 च्या वर. '37 टक्के' लिहिणाऱ्याचं मला कौतुक वाटतं, पण विश्वास बसत नाही. टक्क्यांपेक्षा जागा जास्त बोलते. टेलमधला एक तृतीयांश भाग गेला तर रुग्ण पुष्कळदा निभावतो. नेकमधला दोन-तीन सेंटिमीटरचाच तुकडा गेला आणि पलीकडची टेल जिवंत राहिली, तर त्या टेलचा रस वाहायला वाट राहत नाही. तो महिनोन्‌महिने कलेक्शन भरत राहतो. गुणांच्या तक्त्यात (टप्पा 7) हे नेक्रोसिस '30 च्या आत' म्हणून दोन गुणांत निघून जातं. म्हणून ते वेगळ्या ओळीत लिहा: 'नेकमध्ये पूर्ण जाडीचं नेक्रोसिस, पलीकडची टेल कॉन्ट्रास्ट घेते.'

*ग्रंथीभोवती.* चरबीत नुसत्या रेषा आहेत, एकसारखं पाणी आहे, की पाण्यात चरबीचे काळे गोळे आणि मळकट तुकडे आहेत? तिसरं असेल तर ग्रंथी पूर्ण उजळलेली असली तरी हा नेक्रोटायझिंग आजारच आहे, ग्रंथीबाहेरच्या चरबीचा. हा प्रकार सगळ्यात जास्त सुटतो, कारण वाचणारा ग्रंथी चांगली दिसल्यावर सुटकेचा निःश्वास टाकतो.

*लांबचे कोपरे.* डाव्या किडनीपुढची जागा, लेसर सॅक (जठरामागची पोकळी), आतड्याच्या मेसेंटरीचा देठ, दोन्ही पॅराकॉलिक (मोठ्या आतड्यालगतच्या) बाजू, ओटीपोट, छातीचा तळ.

*रक्तवाहिन्या.* स्प्लेनिक व्हेन, पोर्टल व्हेन, सुपीरियर मेसेंटेरिक व्हेन यांत रक्ताची गाठ आहे का. धमन्यांवर फुगे आहेत का.

*आतडी आणि पित्तमार्ग.* ट्रान्सव्हर्स कोलन आणि स्प्लेनिक फ्लेक्शर (दोन्ही मोठ्या आतड्याचे भाग) यांची भिंत जाड आहे का, कलेक्शनपासून कोलनपर्यंत वाट दिसते का. पित्ताशय, पित्तनलिका.

*हवा.* शेवटी फुप्फुसाच्या विंडोवर (हवा स्पष्ट दाखवणाऱ्या सेटिंगवर) कलेक्शन एकदा चाळा. बारीक बुडबुडे त्याच विंडोत नीट दिसतात. बुडबुडे म्हणजे संसर्गाची दाट शंका, पण आधी चिठ्ठी बघा: नळी टाकली आहे का, आतड्याला भोक पडून हवा शिरली आहे का? आणि हवा दिसली नाही म्हणून संसर्ग नाही असंही समजू नका. संसर्ग झालेल्या बऱ्याच कलेक्शनमध्ये हवा नसते.

टप्पा 7: गुण

दोन तक्ते चालतात आणि दोन्हींचे गुण दहापैकी असल्यामुळे घोटाळा होतो.

जुना सीटीएसआय (सीटीवरून काढलेले तीव्रतेचे गुण), 1990 चा. पहिला भाग बाल्थझार ग्रेड: ए 0 (नॉर्मल), बी 1 (ग्रंथी मोठी), सी 2 (भोवतालच्या चरबीत दाह), डी 3 (एक कलेक्शन), ई 4 (दोन किंवा जास्त कलेक्शन, किंवा हवा). दुसरा भाग नेक्रोसिस: नाही 0, 30 टक्क्यांपर्यंत 2, 30 ते 50 ला 4, 50 च्या वर 6.

सुधारित सीटीएसआय, 2004 चा. ग्रंथी नॉर्मल 0. ग्रंथीत बदल, भोवतालच्या चरबीत दाह असो-नसो, 2. कलेक्शन किंवा भोवतालच्या चरबीचं नेक्रोसिस 4. नेक्रोसिस नाही 0, 30 पर्यंत 2, 30 च्या वर 4. ग्रंथीबाहेरची गुंतागुंत असेल तर 2. एकूण 0 ते 2 सौम्य, 4 ते 6 मध्यम, 8 ते 10 गंभीर.

आता वरच्या शनिवारच्या रुग्णाकडे परत जाऊ. समजा, सोमवारी ॲडमिशनला कोणीतरी घाईने सीटी केला होता: ग्रंथी सुजलेली, चरबीत रेषा. सुधारित तक्त्यात 2, सौम्य. बुधवारी दुपारचा सीटी: बॉडीचा काही भाग आणि टेल मिळून साधारण 40 टक्के उजळत नाहीत, डाव्या किडनीपुढे आणि लेसर सॅकमध्ये कलेक्शन, डाव्या छातीत पाणी, पोटात थोडं पाणी, स्प्लेनिक व्हेनमध्ये गाठ. सुधारित: 4 + 4 + 2 = 10. जुना: ई म्हणजे 4, नेक्रोसिसचे 4, एकूण 8. दोन दिवसांत 2 चे 10 झाले. त्यात ना मशीन बदललं, ना वाचणारा.

यातली नेहमीची चूक: छातीतल्या पाण्याचे 2, पोटातल्या पाण्याचे 2, गाठीचे 2 असे वेगवेगळे धरून एकूण 14 काढणं. गुंतागुंत एक असो की चार, गुण दोनच. बेरीज 10 च्या वर गेली किंवा सुधारित तक्त्यात विषम आकडा आला, की समजा कुठेतरी तक्ते मिसळलेत.

पडताळा: रिपोर्टमध्ये नुसतं 'सीटीएसआय 8' नको. 'सुधारित सीटीएसआय 8 (4+2+2), लक्षणांचा पाचवा दिवस' असं हवं. दिवसाशिवाय आकडा निरुपयोगी आहे.

टप्पा 8: कलेक्शनला नाव देताना

2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाप्रमाणे (या आजाराचे प्रकार आणि तीव्रता ठरवणारं वर्गीकरण) दोनच प्रश्न विचारायचे. चार आठवडे झाले का? आत नुसतं पाणी आहे की मेलेले तुकडेही आहेत?

- चार आठवड्यांच्या आत, नुसतं पाणी: अक्यूट पेरिपँक्रियाटिक फ्लुइड कलेक्शन. बहुतेक आपोआप विरतात.
- चार आठवड्यांच्या आत, तुकडे: अक्यूट नेक्रोटिक कलेक्शन.
- चार आठवड्यांनंतर, भिंत तयार, नुसतं पाणी: स्यूडोसिस्ट.
- चार आठवड्यांनंतर, भिंत तयार, तुकडे: वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस.

सहाव्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये 'स्यूडोसिस्ट' हा शब्द दिसला की मी फोन उचलतो. त्या शब्दामुळे पुढे कोणीतरी सुई घालतं, निर्जंतुक कलेक्शनमध्ये जंतू जातात आणि आठ दिवसांत घरी जाणारा रुग्ण दोन महिने अडकतो. दुसरं टोक असं की पाचव्या आठवड्यातल्या कलेक्शनला सरसकट स्यूडोसिस्ट म्हणणं. ग्रंथीच्या जागीच कलेक्शन बसलंय, म्हणजे आत मेलेले तुकडे असणारच. सीटीत पाणी आणि मऊ तुकडे सारखेच राखाडी दिसू शकतात, म्हणून नळी टाकायचं ठरत असेल तर आधी एमआरआयची टी2 (पाणी उजळ दाखवणारी प्रतिमा) किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफी करा. तुकड्यांनी भरलेल्या पोकळीत बारीक नळी टाकली तर ती दुसऱ्याच दिवशी तुंबते.

टप्पा 9: तीव्रता ठरवताना सीटी कुठे थांबतो

रिपोर्टमधलं 'गंभीर' आणि वॉर्डातलं 'गंभीर' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि नातेवाइकांशी बोलताना सगळ्यात जास्त गोंधळ यावरूनच होतो.

अटलांटा वर्गीकरणात तीव्रता अवयवांवर ठरते. अवयव निकामी नाही, गुंतागुंत नाही: सौम्य. स्थानिक गुंतागुंत आहे, किंवा अवयव निकामी झाला पण 48 तासांच्या आत सावरला: मध्यम गंभीर. 48 तासांपेक्षा जास्त काळ निकामी: गंभीर. बघायचे अवयव तीन: फुप्फुस (पीएओ2 म्हणजे धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन, भागिले एफआयओ2 म्हणजे श्वासातल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण, हे 300 किंवा कमी), किडनी (क्रिएटिनिन 1.9 किंवा जास्त), रक्ताभिसरण (सलाईन देऊनही वरचा दाब 90 च्या खाली).

आपला बुधवारचा रुग्ण सीटीत 10 पैकी 10 आहे. पण ऑक्सिजनशिवाय त्याचा श्वास ठीक असेल, लघवी होत असेल, रक्तदाब चांगला असेल, तर आज तो 'मध्यम गंभीर' आहे. शेजारच्या खाटेवरचा सीटीएसआय 4 वाला तीन दिवस व्हेंटिलेटरवर असेल तर 'गंभीर' तो आहे. सीटी सांगतो पुढच्या आठवड्यांत कुठे आणि काय त्रास होऊ शकतो. आज जीव किती धोक्यात आहे हे खाटेपाशी उभं राहून कळतं.

म्हणून रेडिओलॉजिस्टने 'सिव्हिअर पँक्रियाटायटिस' असा निष्कर्ष एकट्याने लिहू नये. निष्कर्षाच्या ओळी अशा असाव्यात: लक्षणांचा कितवा दिवस, इंटरस्टिशियल (नुसती सूज) की नेक्रोटायझिंग (भाग मेलेला), नेक्रोसिस कुठे आणि साधारण किती, कलेक्शनचं नाव, जागा, आकार, हवा, रक्तवाहिन्या, कोलन, पित्तमार्ग, गुण. चांगला रिपोर्ट सर्जनला नळी कुठल्या बाजूने जाईल हेसुद्धा सांगतो: 'डाव्या बाजूने, कोलन आणि किडनीच्या मधून वाट मोकळी.'

नातेवाइकांसाठी: रिपोर्ट हातात आल्यावर 'स्कोअर किती?' याऐवजी डॉक्टरांना विचारा, 'श्वास, किडनी आणि रक्तदाब हे तिन्ही 48 तास टिकून आहेत का?'

टप्पा 10: पुन्हा सीटी कधी

दर चार दिवसांनी ठरवून सीटी करू नका. पुन्हा करायचा तो कारणासाठी: नवा ताप किंवा वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन घसरणं, पोट अचानक ताणणं, जेवण न टिकणं, अवयव नव्याने बिघडणं, किंवा नळी टाकण्याआधी. पहिला स्कॅन 'अनिश्चित' होता तर 5 ते 7 दिवसांनी. सगळं ठीक चाललेल्या रुग्णाच्या कलेक्शनचा आकार मोजायला सोनोग्राफी चालते.

रुग्ण तरुण असेल तर आतापर्यंत किती सीटी झाले ते मोजून ठेवा. नुसतं पाणी बघायचं असेल तर एमआरआय करा. चाळिशीच्या वरच्या रुग्णात खडे नाहीत, दारू नाही, कारणच सापडत नाही, तर सूज उतरल्यावर ग्रंथी पुन्हा नीट बघा. सुजेआड लहान ट्यूमर लपलेला असू शकतो.

रेफर करताना रिपोर्टच्या कागदाबरोबर सीडी द्या. फिल्मवरच्या टपालाच्या तिकिटाएवढ्या चित्रांवर युनिट मोजता येत नाहीत, आणि सीडी नसली की पुढच्या हॉस्पिटलमध्ये त्याच रुग्णाला, त्याच किडनीवर, दुसऱ्या दिवशी पुन्हा 100 मिली कॉन्ट्रास्ट जातो. सीडीच्या पाकिटावर मार्करने दोन तारखा लिहा: स्कॅनची, आणि दुखणं सुरू झाल्याची.